फोटोतली डिझेल इंजिनं : दौंड–मनमाड मार्गाची एक नोंद

मागे आवाज पोचतोय ना? बरं.

आजच्या विषयाची पाटी लागली तेव्हा एका परिचितांनी मला विचारलं, "अहो, डिझेल इंजिनाला कसला आलाय इतिहास? परवा-परवापर्यंत तर धावत होती." त्यांचा प्रश्न मी मनापासून घेतला, कारण सगळी अडचण त्यातच आहे. कोळशाच्या इंजिनाला आपण इतिहास मानतो. लहानपणीच्या गाण्यांत ते आहे, स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर रंगरंगोटी करून ते उभं असतं. विजेचं इंजिन म्हणजे आजचा दिवस. मधली चाळीस-पन्नास वर्षं आपल्या नगर जिल्ह्याची गाडी ज्यानं ओढली, त्या डिझेल इंजिनाकडे मात्र कोणी वळून पाहिलं नाही. ते इतकं रोजचं होतं की जपायचं कोणाला सुचलंच नाही.

म्हणून आज मी इंजिनाबद्दल जेवढं बोलणार आहे, तेवढंच त्याच्या फोटोंबद्दल बोलणार आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे या इंजिनांचं जतन झालं असेल तर ते मुख्यतः फोटोंत झालंय. हे फोटो हौशी माणसांनी काढलेत, आणि त्यांतले निम्मे-अधिक आज कामाचे राहिलेले नाहीत. का, ते पुढे येईलच.

आधी मार्ग. दौंड ते मनमाड हा रेल्वेमार्ग १८७८ साली सुरू झाला. तेव्हाचं नाव 'धोंड अँड मनमाड स्टेट रेल्वे'. सरकारी मालकीचा मार्ग, चालवायला जीआयपी कंपनीकडे. १८७६ ते ७८ हा दख्खनच्या भीषण दुष्काळाचा काळ. या मार्गाच्या मातीकामावर दुष्काळी मजूर राबले. दौंड सोडलं की भीमा ओलांडून आपल्या जिल्ह्यात शिरायचं. काष्टी, श्रीगोंदा रोड, बेलवंडी, विसापूर, सारोळा, अकोळनेर करत नगर. मग विळद, वांबोरी, राहुरी, बेलापूर, चितळी, पुणतांबा, गोदावरी ओलांडून कोपरगाव, आणि पुढे येवला, अंकाई, मनमाड. बाहेरच्यांसाठी सांगतो, श्रीरामपूरला उतरायचं तर तिकिटावर बेलापूर असतं. यात दरवर्षी कोणी ना कोणी नवी मुंबईच्या बेलापूरशी गल्लत करतं.

म्हणजे जिल्ह्याच्या अंगावरून दक्षिणोत्तर गेलेली ही एक रेघ. दोन्ही टोकांना मोठे मार्ग. मनमाडला मुंबई–भुसावळ मार्गावर विजेच्या तारा साठच्या दशकाच्या अखेरीलाच आल्या होत्या. दौंडकडे पुणे–सोलापूर. मधला आपला पट्टा मात्र तारांशिवाय राहिला. बंगळूरहून दिल्लीला जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस, पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम, गोवा एक्स्प्रेस, कोल्हापूर–गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेस, या सगळ्या गाड्या इथून जायच्या त्या डिझेलवर.

आता इंजिन. भारतात सगळ्यांत जास्त दिसलेलं डिझेल इंजिन म्हणजे डब्ल्यूडीएम-२. नाव अवघड वाटतं, पण उलगडलं की सोपं आहे. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे मिश्र काम, माल आणि प्रवासी दोन्ही. दोन हा नमुन्याचा क्रमांक. १९६२ साली ही इंजिनं अमेरिकेतल्या अल्को कंपनीकडून आली. त्याच सुमाराला जनरल मोटर्सचीही इंजिनं आणून पाहिली होती, पण तंत्रज्ञान द्यायला अल्को तयार झाली, म्हणून बनारसच्या कारखान्यात तिचाच नमुना बनायला लागला. ३ जानेवारी १९६४ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते तिथलं पहिलं इंजिन रुळांवर आलं. त्याचं नाव 'कुंदन'. गंमत अशी की अमेरिकेतली अल्को १९६९मध्ये बंद पडली आणि तिचं इंजिन आपल्याकडे पुढं तीस वर्षं बनत राहिलं. अडीच हजारांहून जास्त बनली.

सोळा सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती, वजन ११३ टनांच्या आसपास. डिझेल जळून चाकं थेट फिरत नाहीत, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसतं. डिझेलवर जनित्र फिरतं, वीज तयार होते आणि ती वीज चाकांजवळच्या सहा मोटारींना जाते. म्हणजे डिझेल इंजिन हे खरं तर आपलं वीजघर पाठीवर घेऊन पळणारं विजेचंच इंजिन. ड्रायव्हरच्या हातात आठ खाचांचा दांडा. दांडा पटकन पुढे ओढला की तेल आधी पोचतं, टर्बोनं ढकललेली हवा मागाहून येते, आणि तेवढा वेळ छपरातून काळाकुट्ट धूर निघतो. फोटो काढणारे ज्यासाठी तासन्‌तास उन्हात थांबतात तो हा धूर. शेडजवळ राहणाऱ्या बायकांना वाळत घातलेल्या कपड्यांवर जी काजळी दिसायची तीही हीच. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवून पुढे जाऊ.

आता हा फोटो बघा. पडद्यावर नीट दिसत नसेल तर सांगतो. गाडी नगरच्या दक्षिणेला, रुळाच्या कडेला उभी ज्वारी, इंजिनाचं लांब नाक पुढे आहे. अल्कोच्या या इंजिनाला ड्रायव्हरची खोली एकच, तीही एका टोकाला. एका बाजूला आखूड नाक, दुसऱ्या बाजूला लांबलचक बॉनेट. लांब बाजू पुढे असली की ड्रायव्हरला समोरचं धड दिसत नाही. मग असं का चालवायचे? याचं एक उत्तर आपल्याच मार्गात आहे. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला उलटी व्हायची. मनमाडचा फाटा पुण्याच्याच अंगाला फुटतो, त्यामुळे इंजिन सोडायचं, वळसा घालून गाडीच्या दुसऱ्या टोकाला लावायचं आणि निघायचं. तेच इंजिन पुढं जाणार असेल तर पुण्याहून आखूड नाकानं आलेलं इंजिन दौंडनंतर लांब नाकानं धावायचं. प्रवाशांना याचं काहीच वाटत नसे, त्यांना वीस-पंचवीस मिनिटं चहा-भज्यांना मिळायची. आणि फोटो काढणाऱ्याला इंजिन एकटं, डब्यांशिवाय, सावकाश फलाटाजवळून जाताना मिळायचं. आता दौंडला कॉर्ड लाइन झाली, पुष्कळ गाड्या उलट्या न होता बाहेरूनच वळतात. तेव्हा असा एखादा फोटो हाती आला तर 'इंजिन उलटं का?' हा प्रश्न विचारता येतो, आणि त्यातून गाडी कुठून आली असेल याचा अंदाज बांधता येतो. पुरावा नव्हे, अंदाज.

फोटो वाचायचा म्हणजे काय, ते याच फोटोवरून थोडं आणखी सांगतो. आपला मार्ग साधारण दक्षिणोत्तर आहे, त्यामुळे सकाळी पूर्वेची बाजू उजळते, संध्याकाळी पश्चिमेची. सावली कुठं पडलीय हे पाहिलं की गाडी सकाळची की संध्याकाळची ते कळतं, मग वेळापत्रकाशी ताडून बघता येतं. शेतातलं पीक महिना सांगतं. कणसं भरलेली ज्वारी म्हणजे पौष-माघ. राहुरी-श्रीरामपूरच्या कालव्याच्या पट्ट्यात मात्र ऊस, आणि ऊस बारमाही उभा, तो फारसं काही सांगत नाही. सिग्नल हाताचा आहे की दिव्याचा, रुळाखालचे स्लीपर लाकडी आहेत की सिमेंटचे, हेही बघायचं. तारांचे खांब आहेत का? नसतील तर फोटो जुना. स्टेशनची पाटी तर बघायचीच. जिल्ह्याचं नाव २०२४मध्ये अहिल्यानगर झालं, पाठोपाठ स्टेशनचंही. 'अहमदनगर' ही पिवळी पाटी असलेला फोटो आता त्याच्या आधीचा, हे आपोआप ठरतं.

पण सगळ्यांत महत्त्वाचे ते पाच आकडे. प्रत्येक इंजिनाच्या अंगावर पाच आकडी नंबर असतो. जुन्या डब्ल्यूडीएम-२चे नंबर सोळा, सतरा, अठरा हजारांच्या मालिकेत. शेजारी शेडचं नाव, पुणे, कल्याण, गुत्ती, काझीपेठ असं. रंगही शेडप्रमाणे वेगळे असायचे. तुम्हाला वाटेल, नंबराचं एवढं काय? त्याचं असं आहे. डिझेल इंजिनाचं आयुष्य ३६ वर्षांचं धरतात. अर्ध्यावर, अठराव्या वर्षाच्या आसपास, ते पतियाळाच्या कारखान्यात जायचं आणि जवळजवळ नवं होऊन यायचं. २,६०० अश्वशक्तीचं इंजिन ३,१०० अश्वशक्तीचं होऊन यायचं आणि त्याचा वर्गही बदलायचा, डब्ल्यूडीएम-३ए. सांगाडा जुना, आतलं सगळं निराळं. मग १९८५ला विसापूरला दिसलेलं आणि २००५ला कोपरगावला दिसलेलं इंजिन एकच की दोन, हे कशावरून सांगणार? नंबर आणि तारीख. दुसरा मार्ग नाही. ज्या फोटोत हे दोन्ही नाहीत तो फोटो सुंदर असेल, पण तो कशाची साक्ष देत नाही.

आता दुसऱ्या देशात काय झालं ते थोडक्यात. इंग्लंडमध्ये 'डेल्टिक' नावाची डिझेल इंजिनं होती. एकूण बावीस, ३,३०० अश्वशक्तीची, लंडन–एडिनबरा मार्गावर धावणारी. २ जानेवारी १९८२ला त्यांची निरोपाची खास गाडी निघाली. रुळाच्या कडेला आणि पुलांवर माणसं कॅमेरे घेऊन उभी. त्यांतली सहा इंजिनं वाचली, शिवाय मूळ नमुना संग्रहालयात आहे. सेव्हर्न व्हॅलीसारखे स्वयंसेवकांनी चालवलेले जुने रेल्वेमार्ग तिकडे आहेत. तिथं वर्षातून काही दिवस फक्त जुन्या डिझेल इंजिनांचे असतात. लोक तिकीट काढून येतात, दिवसभर फोटो काढतात, आणि त्याच पैशातून इंजिनाच्या दुरुस्तीचा खर्च काही अंशी निघतो. म्हणजे तिकडे फोटो काढणारा हा जतनाच्या व्यवहाराचाच एक भाग झाला.

आपल्याकडे तसा मार्ग नाही. माथेरान आहे. नेरळहून माथेरानला १९०७ साली गाडी सुरू झाली, आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या पैशातून. तिथं १९५५मध्ये जर्मनीतल्या युंग कंपनीची छोटी डिझेल इंजिनं आली होती. म्हणजे नगरच्या मार्गावर दिसलेल्या कुठल्याही अल्कोपेक्षा ती वयानं मोठी. लाखो लोकांनी माथेरानच्या गाडीबरोबर फोटो काढून घेतले असतील. त्यांत इंजिनाचं वय कोणी विचारलं असेल असं वाटत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात अल्कोकडून आलेलं पहिल्या खेपेचं डब्ल्यूडीएम-२ ठेवलं आहे, नंबर १८०४०. ते जरूर जाऊन बघा. पण ते उभं आहे. सुरू झालं की खिडकीची काच कशी थरथरते, ते तिथं कळत नाही.

आणि खास गाड्या? त्या आपल्याकडे कोळशाच्या इंजिनाच्या निघतात. 'फेअरी क्वीन' १९९७पासून दिल्ली–अलवर धावली, तिचं कौतुक जगभर झालं, व्हायलाच हवं होतं. पण ३१ ऑक्टोबर २०२३ला गुजरातेत एकतानगर–अहमदाबाद अशी 'वारसा' गाडी सुरू झाली. गाडी विजेवर चालते, तोंड मात्र कोळशाच्या इंजिनासारखं. मला राग नाही, मुलांना मजा येते. फक्त वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं, आणि मधली दोन पिढ्यांची डिझेल त्या चित्रात बसत नाही, एवढंच म्हणायचंय.

नगर शहराला यंत्रं जपायचं वावडं नाही हो. आपल्या शहरात रणगाड्यांचं संग्रहालय १९९४पासून आहे, बाहेरगावचे लोक आवर्जून येतात. पहिल्या महायुद्धापासूनचे रणगाडे तिथं बघायला मिळतात. ते लष्करानं जपले, कारण लष्कराला आपल्या यंत्रांचा अभिमान आहे. रेल्वेतही अभिमान होता, पण तो शेडमधल्या माणसांना, आणि शेडमधल्या माणसांच्या हातात संग्रहालय नसतं.

तर मग फोटो कोणी काढले? सांगतो. कॉलेजातली मुलं, सुट्टीवर आलेले सैनिक, रेल्वे कर्मचाऱ्यांची मुलं, आणि पुण्या-मुंबईचे छंदी लोक. हे शेवटचे बहुतेक घाटात जायचे, बोरघाट, थळघाट, नाहीतर पावसाळ्यात कोकण रेल्वेवर. हिरवा डोंगर, बोगदा, धबधबा. कोण येणार अकोळनेरच्या माळावर? त्यामुळे आपल्या मार्गाचे चांगले फोटो मुळात कमी. इथला उजेड मात्र फोटोसाठी उत्तम असतो हे मी स्वानुभवानं सांगतो. दिवाळीनंतर हवा कोरडी, आभाळ मोकळं, दूरवरून दिवा दिसतो, मग धुराची रेघ, आणि आवाज यायला आणखी दोन मिनिटं.

एक सूचना, कारण समोर तरुण मंडळी दिसतायत. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७. परवानगीशिवाय रुळांच्या हद्दीत शिरणं गुन्हा आहे. माझ्या तरुणपणी मी रुळांच्या मधोमध उभं राहून फोटो काढलेत आणि तो मूर्खपणा होता. डिझेलचा निदान आवाज यायचा. विजेचं इंजिन गुपचूप अंगावर येतं. फाटकाबाहेरून, रस्त्याच्या पुलावरून, शेतमालकाला विचारून बांधावरून काढा. शेतकरी नाही म्हणत नाहीत. चहासुद्धा देतात, आणि 'गाडीचा फोटो कशाला?' हेही विचारतात. त्याचं उत्तर तयार ठेवा.

मग तारा आल्या. दौंड–मनमाडवर खांब उभे राहिले, सोबतीला दुहेरीकरणाचं काम. फेब्रुवारी २०२३मध्ये मध्य रेल्वेनं जाहीर केलं की आपल्या सगळ्या ब्रॉडगेज मार्गांचं, ३,८२५ किलोमीटरचं, विद्युतीकरण पूर्ण झालं. मी खांबांविरुद्ध नाही. तेल बाहेरून विकत आणावं लागतं, धूर आपल्याच फुप्फुसांत जातो, आणि मनमाडला इंजिन बदलायचा वेळ वाचतो. शेडमधली माणसं विजेचं काम शिकली. त्या आधीच, २०१९ साली, बनारसला डिझेल इंजिनाचंच विजेचं इंजिन करून दाखवलं होतं. २०२० साली आपली दहा डिझेल इंजिनं बांगलादेशला देण्यात आली. जी वयाला टेकली ती भंगारात निघाली, किलोच्या भावानं. हे सगळं इतक्या लवकर झालं की निरोपाची गाडी वगैरे काढायचा विचार कोणाच्या डोक्यात यायच्या आत संपलं.

आणि याच वेळी, गंमत बघा, जिल्ह्यातला सगळ्यांत नवा मार्ग डिझेलनं सुरू झाला. नगर–बीड–परळी, मंजुरी १९९५ची. २३ सप्टेंबर २०२२ला नगर–आष्टी ६६ किलोमीटरवर डेमू गाडी धावली. डेमू म्हणजे डिझेलवर चालणारी, वेगळं इंजिन न लावलेली गाडी. पुढे १७ सप्टेंबर २०२५ला गाडी बीडला पोचली. त्या दिवशी बीडकरांनी किती फोटो काढले असतील! प्रत्येकाच्या हातात मोबाइल. बैलगाडीतून रेल्वे बघायला आलेली माणसं, इंजिनावर फुलं. तीस वर्षं वाट पाहिलेल्या गाडीचे ते फोटो आहेत. आज ते कुठं आहेत? व्हॉट्सअॅपवर इकडून तिकडे गेले, वाटेत आकार कमी झाला, तारीख गळून पडली, काही मोबाइलबरोबर गेले.

याबाबतीत मी कोणाला शहाणपण शिकवायच्या लायकीचा नाही. माझी स्वतःची २००६ ते २०११ची जवळजवळ सगळी छायाचित्रं एका डिस्कमध्ये होती, एकाच, आणि ती एके दिवशी उघडली नाही. दुरुस्तीला दिली, परत आली ती रिकामी. पाच वर्षांत मी या मार्गावर जे पाहिलं त्याचं माझ्याकडे एवढंच राहिलं की एका वहीत नंबर, तारीख, स्टेशन, गाडी आणि हवा कशी होती ते लिहिलेलं. फोटो गेले, वही राहिली. एका अभ्यासकाला तीच वही उपयोगी पडली. फोटो असते तर त्यानं ते बघून 'छान' म्हटलं असतं, असं मला आता वाटतं.

म्हणून विनंती एवढीच की घरी जाऊन जुने अल्बम काढा. रेल्वेत कोणी असेल तर नक्कीच. इंजिनाचा फोटो मिळाला तर त्याच्या मागे पेन्सिलीनं लिहा, शाईनं नको, शाई उमटते. कुठं, केव्हा, कोणी काढला, कोण उभं आहे. नंबर दिसत असेल तर तो. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बाजूला बसवून विचारा, उद्यावर टाकू नका.

शेवटचा फोटो दाखवतो. हा माझ्या मामांकडचा. मामा दौंडला असिस्टंट ड्रायव्हर होते. हा खंडेनवमीचा आहे. त्या दिवशी इंजिनं धुऊन-पुसून त्यांची पूजा व्हायची, नारळ फुटायचा, पेढे वाटले जायचे. मधोमध मामा, आजूबाजूला सात जण, मागे डब्ल्यूडीएम-२. आणि नंबर? नंबरावर झेंडूची माळ. बरोबर पाचही आकडे झाकलेत. शेडचं नाव अर्धं दिसतं. मी भिंग लावून बघितलं, संगणकावर मोठं करून बघितलं, काही उपयोग नाही.

मामांना विचारलं, "मामा, हे कुठलं इंजिन?" ते म्हणाले, "इंजिनाचं कशाला विचारतोस, माणसं विचार." आणि सातही जणांची नावं त्यांनी सांगितली. कोण कोळशाच्या इंजिनावर फावडं मारून आला होता, कोणाला डिझेलचं शिकायला पाठवलं होतं, कोणाचा हात कशानं भाजला होता, सगळं. मग थोडा वेळ थांबून म्हणाले, यात एक जण नाही. आमच्यातलाच होता, कॅमेरा त्याचा होता. त्याला म्हटलं होतं, स्टेशनातल्या फोटोवाल्याला बोलाव आणि तूही उभा राहा. तो म्हणाला, पुढच्या खंडेनवमीला.

त्यांचंही नाव आता या फोटोच्या मागे लिहिलंय. पेन्सिलीनं.

प्रश्न असतील तर घेऊ. माइक तिकडे द्या.